काहूनचा खडू

वाशिमच्या पुसद नाक्यावर रस्त्याच्या मधोमध बसणारा एक सांड होता. ट्रकवाले हॉर्न वाजवून थकले, नगरपालिका थकली, सांड हलला नाही. एके दिवशी आमच्या सरांनी त्याच्यापुढं स्कूटर उभी केली आणि त्याला समजावून सांगितलं, की बाबा रे, तू इथं बसतोस याला एकच आधार आहे, तो म्हणजे तू कालही इथंच बसला होतास, आणि हा युक्तिवाद दुर्बल आहे. सांड उठला तो थेट हिंगोली जिल्ह्यात निघून गेला. अजून परत आलेला नाही.

यातलं निम्मं खरं आहे. सर असते तर चष्म्याच्या वरून पाहत म्हणाले असते, "केनवड, निम्मं कोनतं ते सांग. नाही तं पुरं खोटं धरीन."

केनवड म्हणजे मी. गाव केनवड, तालुका रिसोड. सर कोणत्याच विद्यार्थ्याला नावानं हाक मारत नसत, गावाच्या नावानं मारत. "ए धनज, खिडकी लाव." "ए शेलू, झोपला का?" एकाच गावची दोन पोरं असली तर थोरलं आणि धाकलं. क्लासात नाव घालताना आपलं आडनाव कोणी सांगू लागलं, की सर कानावर हात ठेवत. म्हणत, "आडनाव आलं का त्याच्या मांगं गृहीतक येते. मले फक्त मानूस पाठवा."

गृहीतक हा त्यांचा लाडका शब्द. स्पर्धा परीक्षेत रीझनिंगचा जो भाग असतो, त्यात एक विधान देतात आणि विचारतात, की हे बोलणाऱ्यानं न बोलता काय धरून ठेवलं आहे? ते न बोललेलं, ते गृहीतक. दुसऱ्या प्रकारात एक प्रश्न देऊन खाली हो-नाहीचे युक्तिवाद देतात. त्यातला सशक्त कोणता, दुर्बल कोणता, ते ओळखायचं. बाकीचे मास्तर याच्या युक्त्या शिकवत, कोणता शब्द दिसला की कोणता पर्याय ठोकायचा ते. आमचे सर युक्ती सांगत नसत. ते फक्त वऱ्हाडीतलं 'का' विचारत, "काहून?"

उत्तर बरोबर असलं तरी काहून, चुकलं तरी काहून. वाशिममध्ये सगळे त्यांना काहून सर म्हणत. बरं, सगळे नाही, काही. माझ्या तोंडातले 'सगळे' आणि 'कधीच नाही' त्यांनी इतक्या वेळा छाटले, की आजही मी फेकायला लागलो की डाव्या कानाशी खडू घासल्याचा आवाज येतो.

क्लास होता एका कृषी केंद्राच्या माडीवर. खाली फवारणीच्या औषधांचे डबे, वर आम्ही. दुपारी तो वास जिन्यानं वर चढायचा आणि आमची डोकी गरगरायची. नवीन पोरांना वाटायचं, रीझनिंग म्हणतात ते हेच. त्या वासात सर फळ्यावर लिहायचे : सगळे बोके काळे आहेत. काही काळे चोर आहेत. निष्कर्ष, काही बोके चोर आहेत. बरोबर का चूक?

आम्ही एका सुरात ओरडायचो, बरोबर.

"वाशिमच्या अनुभवानं बरोबर," सर म्हणायचे. "कागदावर चूक. पेपर वाशिमात होते, पन तपासते कागद."

सगळ्या ऋतूंत अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. मे महिन्यात वाशिमच्या उन्हात डांबर पातळ व्हायचं, पण सरांचा स्वेटर निघायचा नाही. खिशात डस्टर. दुसऱ्या खिशात कोरे, न तुटलेले खडू, आणि हे खडू फळ्यासाठी नव्हते. वर्गात कोणी न विचारता, आपणहून, मनापासून 'काहून' म्हटलं, की सर शिकवणं थांबवायचे, बाकांमधून चालत यायचे आणि त्याच्या तळहातावर एक अख्खा खडू ठेवायचे. बोलायचे काही नाही. मला तो खडू कधी मिळाला नाही. मला प्रश्न पडायचे, पण ते डब्यात काय आहे या प्रकारातले.

बाहेरही तेच. डेअरीवर पाटी दिसली, 'येथे ताजे दूध मिळेल', की आत जाऊन विचारणार, "याचा अर्थ दुसरीकडं शिळं मिळते असं तुमचं गृहीतक आहे का?" डेअरीवाला म्हणायचा, सर, दूध घ्या न जा. लग्नपत्रिका आली, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय', की सर खरोखर विचारात पडायचे, की मी गेलो नाही तर लग्न होणार नाही असं या लोकांना वाटत असेल का. म्हणून सगळ्या लग्नांना जायचे. वर्गात एखादी गोष्ट शिकवून झाली आणि सगळे गप्प बसले, तर म्हणायचे, "कोनी बोललं नाही म्हन्जे समजलं, हेही गृहीतकच आहे बरं. लय महागात पडते."

घर कारंज्याचं, कापडाचं जुनं दुकान, जैन व्यापारी कुटुंब. पण सरांनी ते सगळं मागं टाकलं होतं. दुकानात बसवलं तर गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हिरवी साडी तुम्हाला शोभते, हे तुम्ही कशावरून ठरवलं?" आठवडाभरात गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. वडील म्हणाले, तू शिकव बाबा, ज्याला शिकायचं असेल त्याला. मंदिर सोडलं, कारण पुजाऱ्याशी वाद झाला. कांदा, बटाटा, सगळं खायला लागले, तेही लपून नाही. भर चौकात गाड्यावर उभं राहून कांद्याची भजी खायचे, आणि ओळखीचं कोणी कारंज्याचं दिसलं की मुद्दाम प्लेट वर धरायचे.

या माणसाची एकच गोष्ट आम्हाला कळत नव्हती. संध्याकाळी दिवस कलायला लागला की सर शिकवता शिकवता मधेच थांबायचे. 'म्हणून' असं म्हणून थांबायचे, आणि निष्कर्ष तसाच लोंबकळत ठेवून मागच्या खोलीत पळायचे. परत यायचे ते ओल्या मिश्या पुसत, आणि 'म्हणून'च्या पुढं सुरू करायचे. हिवाळ्यात लवकर, उन्हाळ्यात उशिरा. आमचे तर्क चालायचे. धनजवाला म्हणायचा शुगर आहे. मी म्हणायचो, आत बायको लपवलेली आहे. एकदा इंझोरीनं सरळ विचारलं, "सर, तुमी रोज याच टायमाले काहून जाता?"

खडू निघेल असं आम्हाला वाटलं. सर लाल झाले. म्हणाले, "हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या बाहेरचा आहे."

इंझोरी म्हणजे इंझोरी गावची पोरगी. तिच्या दप्तरात सरांच्या खडूंची पेटीच झाली होती. मी आजवर पुष्कळ हुशार माणसं पाहिली, म्हणजे काही पाहिली, पण पोरीचं डोकं असं की प्रश्न वाचताना तिचा चेहरा बघून आम्ही उत्तर लिहायचो. बौद्ध कुटुंब. वडील विजेच्या खात्यात लाइनमन, पोरीला वाशिमला मावशीकडं ठेवून शिकवत होते. राज्यसेवेची पूर्व परीक्षा तिनं दोनदा दिली. दोन्हीदा रीझनिंगमध्ये गुणांचा डोंगर केला आणि सामान्य ज्ञानाच्या पेपरात थोडक्यात राहिली. मग घरून निरोप आला की बी.एड.ला नंबर लागतो आहे, आता हे पुरं कर.

ती सरांना म्हणाली, "बाबा नाही म्हनत नाहीत, सर. ते म्हनतात, तुमच्या सरांले एकडाव घरी येऊ दे. त्यायनं सांगतलं का अजून एक साल, तं देऊ एक साल."

एवढंच होतं. सरांनी जायचं, चार शब्द बोलायचे, पोरीला एक वर्ष मिळवून आणायचं. सरांनी त्याची तयारी मात्र अशी केली, की जणू सर्वोच्च न्यायालयात उभं राहायचं आहे. दोन दिवस माझ्यावर सराव केला. मी बाप व्हायचं, ते सर. मी म्हणायचो, "सर, घेऊन जा पोरगी, मले चहा पाजा." ते म्हणायचे, "केनवड, तू बाप म्हनून दुर्बल आहेस."

निघालो ते दुपारीच, मी स्कूटरवर मागं. मंगरूळपीरच्या अलीकडं चाक बसलं. पंक्चरवाला जेवायला गेलेला. सर रस्त्याच्या कडेला उभे, आणि दर थोड्या वेळानं सूर्याकडं पाहायचे. मला वाटलं, स्कूटरचा दिवा गेलेला आहे, अंधाराची काळजी असेल. मी म्हणालो, "सर, दिवा नसला तं नसला, माह्या मोबाइलचा टार्च धरतो न समोर." पंक्चर निघाल्यावर त्यांनी ती स्कूटर अशी पळवली, की वाटेतली सोयाबीनची उभी पिकं आमच्या वाऱ्यानं आडवी झाली. काही पिकं. तरीही इंझोरीत शिरलो तेव्हा सूर्य शेतांमागं उतरून गेला होता. गावाच्या तोंडाशी सरांनी स्कूटर हळू केली, त्या रिकाम्या आभाळाकडं पाहिलं, आणि खिशातली पाण्याची बाटली काढून परत आत ठेवली. मी ते पाहिलं. पाहून मला काही कळलं असं मी म्हणणार नाही.

घर लहान, पण त्या दिवशी सजवलं होतं. ओटा सारवलेला, कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं पांढरी फुलं. शेजाऱ्याची प्लास्टिकची खुर्ची खास सरांसाठी आणलेली, तिच्यावर टॉवेल अंथरलेला. पोरीचे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. आतून कपबश्यांचा आवाज येत होता, नव्या कपांचा, ज्यांचे कागद आत्ताच काढलेत असा. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात.

"या सर, या. लय टाइम झाला. बसा," बाबा म्हणाले, आणि ताटलीतला पाण्याचा पेला स्वतःच्या हातानं पुढं केला. "पानी घ्या."

"नको," सर म्हणाले.

"चहा ठेवतो मंग."

"चहाही नको."

"सर, दोन घोट. पोरीची माय मघापासून वाट पाहून राह्यली."

"नाही," सर म्हणाले. एवढंच. 'पोट बरं नाही' असं नाही, 'आत्ताच घेतला' असंही नाही. खोटं कारण देणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं, आणि खरं कारण त्यांनी दिलं नाही.

आणि मग सर बोलायला लागले. काय बोलला तो माणूस. मी त्यांची पुष्कळ व्याख्यानं ऐकली, असं कधीच नाही, आणि इथं 'कधीच' मी छाटू देणार नाही. बी.एड. पुढच्या वर्षीही मिळेल, हे वय पुढच्या वर्षी मिळणार नाही. दोनदा राहिली म्हणजे तिसऱ्यांदा राहील, याला आधार काय? किती थोडक्यात राहिली ते पाहा. तिच्यात कमी काय आणि ते किती महिन्यांत भरून निघतं. एकेक मुद्दा असा बसवला, की वाटलं आता भिंतीसुद्धा हो म्हणतील. मी मात्र पोहे खात होतो, चहा पीत होतो, अजून घ्या म्हटलं की घेत होतो.

बाबा उभेच होते. हातातला पाण्याचा पेला त्यांनी खाली ठेवला नव्हता. सगळं बोलणं होईपर्यंत तो त्यांच्या हातात तसाच होता.

"काही शंका?" सरांनी शेवटी विचारलं, वर्गात विचारायचे तसं.

"काही नाही सर," बाबा शांतपणे म्हणाले. "तुमचं बरोबर आहे."

परतताना सर स्कूटरवर इतके खूष होते, की खड्डे चुकवायचे विसरले. "पाह्यलं का केनवड? एकही प्रतिवाद नाही. एकही."

पोरगी दुसऱ्या दिवशी क्लासला आली नाही. त्यानंतरही नाही. मावशीकडून तिची सामानाची पेटी गावी गेली, बी.एड.चं ठरलं असं कळलं. सरांनी फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "बाबांनी ठरवलं, सर." सरांनी विचारलं, काहून? ती म्हणाली, "काही नाही सर." आणि फोन ठेवला.

फोनच्या दुसऱ्या दिवशी सरांनी तास घेतला, आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट तास होता. फळ्यावर लिहिलं : एका वडिलांनी युक्तिवाद मान्य करूनही मुलीला परत बोलावलं. कारण ओळखा. खाली पर्याय लिहिले. फी. अंतर. स्थळ आलं असावं. युक्तिवादात दोष. मग एकेक घेऊन स्वतःच खोडत गेले. फी तर त्यांनी घेतलीच नव्हती. अंतर कालही तेवढंच होतं. स्थळ आलं असतं तर ती बोलली असती. युक्तिवादात दोष यापाशी ते फार वेळ थांबले, आणि तोही खोडला. राहिलं शेवटचं : यांपैकी नाही. या पर्यायाची त्यांना चीड होती. म्हणायचे, ज्याला शोधायचं नसते तो तिथं गोल करतो. त्या दिवशी त्यांनी त्याच्याभोवती गोल केला आणि डस्टर न फिरवता खाली उतरून गेले.

त्यानंतरची वर्षं सर शिकवत राहिले, पण हळूहळू पोरं मोबाइलवर युक्त्या शिकायला लागली आणि माडी रिकामी होत गेली. मी स्पर्धा परीक्षांना वैतागून केनवडला ठिबक आणि तुषार सिंचनाच्या पाईपांचं दुकान टाकलं. वाशिमला माल आणायला गेलो की सरांकडं डोकवायचो. दरवेळी ते मधेच तोच विषय काढायचे.

"केनवड, मी तिथं वयाचा मुद्दा आधी मांडायले पाह्यजे होता."

"सर, सोडा न आता."

"नाही. क्रम चुकला माझा. बी.एड.पासून सुरू केलं न, बापाले वाटलं मी त्याच्या निर्णयाले कमी लेखून राह्यलो. वयापासून सुरू केलं असतं तं..." आणि मग अख्खं भाषण नव्यानं, दरवेळी थोडं अधिक चांगलं. शेवटी शेवटी तो युक्तिवाद इतका निर्दोष झाला होता, की परीक्षेच्या पेपरात छापावा. पाण्याच्या पेल्याचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. त्यांच्या हिशेबी तो वादाचा भागच नव्हता.

सर गेले तेव्हा कारंज्याहून त्यांची धाकटी बहीण आली होती. त्यांच्या खोलीत ती ते बिनबाह्यांचे स्वेटर घडी करत बसली होती. मी म्हणालो, सरांनी सगळं सोडलं ना, मंदिर, दुकान, घरदार. म्हणून मी तुम्हाला कधी पाहिलं नाही.

"सगळं नाही सोडलं," ती म्हणाली. घरातच होता हा रोग, 'सगळं' छाटायचा. "आई जाताना तिनं दादाचा हात धरला. म्हणाली, काय खायचं ते खा, पण दिवस बुडल्यावर तोंडात काही घालू नको. पाणीसुद्धा नाही. दादा हो म्हणाला. ते मात्र मरेपर्यंत पाळलं."

दर संध्याकाळी अर्धवट राहिलेले ते सगळे 'म्हणून' एकदम पूर्ण झाले.

"मग त्यांनी कोणाला सांगितलं काहून नाही?"

"लाजायचा तो. मी म्हटलं सांग, त्यात काय. तर म्हणे, आईनं म्हटलं हे काही कारण झालं का? हा तर दुर्बल युक्तिवाद. पोरं हसतील."

अख्ख्या जिल्ह्याकडून कारणं वसूल करणाऱ्या माणसाजवळ स्वतःचं एक कारण होतं, आणि ते त्याला बाहेर काढण्याजोगं वाटलं नाही.

पुढं इंझोरीला तुषार संचाची ऑर्डर आली. शेत त्याच बाबांचं निघालं. ते रिटायर होऊन आता स्वतःच्या शेतात रमले होते. पोरगी बी.एड. होऊन धनजला शाळेत गणित शिकवते, संसार आहे, बरं चाललं आहे. ती पुन्हा परीक्षेला बसली असती तर पास झालीच असती, असं मी म्हणणार नाही. सर म्हणाले असते, सिद्ध होत नाही. पण त्या फळ्यापुढं बसलेलं तिचं तोंड मला आठवतं, आणि मला सिद्ध करायची गरज वाटत नाही.

पाईप जोडून झाल्यावर बाबांनी बांधावर चहा मागवला. मीच सरांचं नाव काढलं.

"हुशार मानूस होता," बाबा म्हणाले. मग चहात फुंकर घालत, "त्या दिवशी म्या ठरवलंच होतं भाऊ. पोरीले एक साल द्याचंच होतं. सर फक्त येऊन बसले असते, पानी पेले असते, तरी देलं असतं. बोलाचीबी गरज नव्हती."

मी कप खाली ठेवला.

"माह्या आज्याले हाटेलात येगळा कप होता. बाहेर कुडाच्या ताट्यात खोचेल. तो कप म्या पाह्यला नाही, पन आयकत मोठा झालो. अजूनबी येतात मानसं घरी, पानी घेत नाहीत. कोनी म्हन्ते पोट बरं नाही, कोनी म्हन्ते आत्ताच घेतलं. निदान कारन तं देतात. तुमचे सर चौकात उभे राहून कांद्याचे भजे खाऊन राह्यले, हे म्या माह्या डोयानं पाह्यलं. लाइनच्या कामाले वाशिमले गेल्तो. म्हन्जे जैनाचं त्यायले काही राह्यलं नव्हतं. आन माह्या घरी पान्याचा घोटबी नाही. मंग राह्यलं काय? एकच राह्यलं न." ते शेताकडं बघत होते. "पोरीले म्हटलं, जिथं आपलं पानी चालत नाही, तिथं आपली अक्कलबी चालू नये. ती काही बोलली नाही."

सरांनी हे ऐकलं असतं, तर फळ्यावर मांडून दाखवलं असतं. दोन्ही विधानं बरोबर, निष्कर्ष चूक. आणि त्या खोलीत, जिथं जिल्ह्यातला सगळ्यात मोठा काहून बसला होता आणि त्याची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी दारात उभी होती, तिथं तो शब्द कोणाच्याच तोंडून निघाला नाही. प्रत्येकाला वाटलं, कारण माहीत आहे.

मी बाबांना सांगितलं. आई, तिनं धरलेला हात, दिवस बुडणं, मंगरूळपीरच्या अलीकडं बसलेलं चाक. त्या दिवशी काही काढलं नाही, काही वाढवलं नाही. आयुष्यात एकदा तरी मी एक गोष्ट आहे तेवढीच सांगितली.

पाईपातून पाणी सुटलं होतं, फवारा फिरून फिरून बाबांच्या धोतराच्या काठावर येत होता, त्याचं त्यांना भान नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, सरांनाच विचारावं तसं, अगदी हळू,

"मंग सांगतलं काहून नाही?"

त्या घरातून इतक्या वर्षांनी निघालेला तो पहिला काहून. सर असते तर बोलणं थांबवून बांधावरून चालत आले असते आणि त्यांच्या तळहातावर काहीतरी ठेवलं असतं. मी खिशात हात घातला. खिशात खडू नव्हता, पाईपचे दोन रबरी वायसर होते.